ब्रेक दाबला की उसासा

१

ज्या गाडीत माणूस गेला ती गाडी मी शक्यतो दुरुस्तीला घेत नाही. भुताखेतांना भिऊन नव्हे. अशा गाडीमागून घरचे येतात, आणि त्यांना गाडी नीट करून नको असते, घडलेली गोष्ट नीट करून हवी असते. तो पाना माझ्याकडे नाही.

तरी ही गाडी मी घेतली, कारण ती आणणाऱ्या बाईने मला नाही म्हणायला सवडच दिली नाही. दोराने ओढत आणलेली जुनी पांढरी गाडी, पुढचा एक दिवा फुटलेला, बॉनेट एका कोपऱ्यात दुमडलेलं. बाई चाळिशीची. केस घट्ट बांधलेले, आवाज त्याहून घट्ट.

"ज्यांना फौजदारीण म्हणतात त्या तुम्हीच ना?"

म्हणतात खरं. माझ्याकडे आधी माणसाची चौकशी होते, मग गाडीची. निम्मे बिघाड मालकातच निघतात. म्हटलं, "मीच. तोंड फटकळ आहे, आधीच सांगून ठेवते."

"मला तसंच माणूस हवंय," ती म्हणाली. "माझे बाबा या गाडीत गेले. घरापुढच्या उतारावरून निघाले, खाली वळणावर गाडी थांबलीच नाही, पाण्याच्या टाकीच्या भिंतीला जाऊन लागली. मार फारसा नव्हता. डॉक्टर म्हणाले, धसक्याने गेले. मला आणायला निघाले होते, मी बसस्टँडवर वाट बघत उभी. आणि आदल्याच आठवड्यात माझ्या भावाने ब्रेकचं काम केलं होतं, तेही मला मागाहून कळलं. तुम्ही उघडून बघा आणि त्याने काय करून ठेवलं ते मला सांगा. तुम्ही सांगितलंत की मी सरळ पोलिसात जाणार."

"आणि त्याने काही केलंच नसेल तर?"

"केलंय."

एवढ्यात माझं लक्ष गाडीच्या आत गेलं. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर एक म्हातारी बाई बसली होती. गाडी थांबून बराच वेळ झाला होता, पण ती उतरायचं नाव घेत नव्हती.

"माझी आई," लेक म्हणाली. "रोज दुपारी शेडमध्ये जाऊन गाडीत बसते. इंजिन चालू करते आणि ब्रेक दाबत राहते. गाडी चालवता येत नाही तिला, तरी. बॅटरी उतरली तेव्हा कुठे थांबली."

"कशासाठी हो काकू?" मी खिडकीत वाकून विचारलं.

"ते बोलतात," काकू म्हणाल्या. अगदी साध्या आवाजात, दूध आलंय म्हणावं तसं.

मी दुसरी बॅटरी आणून जोडली, ड्रायव्हरच्या सीटवर बसले, इंजिन चालू केलं आणि ब्रेकवर पाय ठेवला. माझ्या पायांच्या पुढे, डॅशबोर्डखालच्या अंधारात, कोणीतरी लांब उसासा टाकला. पाय उचलला, थांबला. पुन्हा दाबला, पुन्हा तोच. दमून घरी आलेल्या माणसाचा.

आवाज कशाचा ते मला त्याच क्षणी कळलं होतं. हयात गेली माझी या कामात. तरीही अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू?

"ऐकलंत?" काकू म्हणाल्या. "जिना चढून आले की असाच टाकायचे."

२

ब्रेकचा बूस्टर म्हणजे पेडलच्या पुढे बसवलेला पत्र्याचा गोल डबा. आत एक रबरी पडदा असतो. इंजिन एका नळीतून त्या डब्यातली हवा ओढून घेतं, आणि आपण पाय दाबला की तो पडदा आपल्या पायाला जोर देतो. पडदा फाटला की हवा भलतीकडून घुसते, म्हणून उसासा. आणि जोर जातो, म्हणून पेडल दगड होतं. गाडी थांबत नाही असं नाही, पण थांबवायला पैलवानाचा पाय लागतो. ते गेलेले गृहस्थ सत्तरीच्या पुढचे होते.

पण वाटणं वेगळं आणि कळणं वेगळं. इंजिन बंद करून मी पेडल दाबत राहिले, ते कडक होईपर्यंत. मग पाय तसाच रेटून किल्ली फिरवली. बूस्टर धडधाकट असता तर इंजिन लागताच पेडल आपसूक खाली गेलं असतं. ते हललं नाही. उसासा आला आणि इंजिन हीव भरल्यासारखं थरथरलं. मग मी ती हवेची नळी क्लॅम्पने दाबून बंद केली. उसासा थांबला, इंजिन शहाण्यासारखं चालू लागलं. नळीच्या तोंडाशी एक झडप असते, हवा एकाच बाजूने सोडते. ती काढून फुंकून पाहिली, ठीक होती. म्हणजे गळती डब्याच्या पोटातच.

चाकंही काढली. ब्रेकचे पॅड नवे होते आणि इतके चोख बसवलेले की मला जरा असूयाच वाटली. तेल भरलेलं, स्वच्छ.

"भावाने हे काम केलं?" मी विचारलं.

"हो. का?"

"काम येतं त्याला."

लेकीला ते आवडलं नाही. मागे हात बांधून ती उभी राहिली.

आणखी दोन गोष्टी मला खटकल्या होत्या. ब्रेकच्या पेडलवरचं रबर उजव्या पायाने झिजतं. इथे त्याची डावी कडही गुळगुळीत झाली होती. म्हणजे म्हातारा दोन्ही पायांनी ब्रेक दाबत होता, आणि एखाद दिवस नाही, बरेच दिवस. पेडल कडक झालंय हे त्याला माहीत होतं आणि तो कोणाला बोलला नव्हता.

दुसरी गोष्ट बॅटरीवर. तिच्या एका टोकाचा नट कोणीतरी पक्कडीने पिळला होता. कोपरे खरवडलेले, दातांचे बारीक बारीक ओरखडे. दुसऱ्या टोकाचा नट मात्र कोरा करकरीत, पान्याचा. ज्याने ते पॅड बसवले तो माणूस नटाला पक्कड लावणार नाही. स्वयंपाकीण कालथ्याने केस विंचरेल का?

मग मी बूस्टर उतरवला. पत्र्याचे दोन भाग जिथे एकमेकांत दुमडलेले असतात तिथे ताज्या खुणा होत्या, अजून गंज न चढलेल्या. डबा आधी कोणीतरी उघडला होता. मी तो पुन्हा उघडला आणि पडदा बाहेर काढला.

पडद्याला चीर होती. चिरेवर काळा गोल पॅच, ट्यूबला लावतात तसला, एका कडेने सुटून लोंबणारा.

"हे काय?" लेक पुढे आली.

"पॅच."

"सायकलच्या ट्यूबला लावतात तो?"

"तोच."

ती पॅचकडे बघत राहिली. डोळ्यांत पाणी आलं आणि तिथेच थांबलं. "माझ्या बाबांच्या ब्रेकला," ती म्हणाली. "निघते मी. पोलीस चौकी कुठेशी आली?"

"थांबा," मी म्हटलं. "कोणी पॅच मारला ते कळलं. गाडी रस्त्यावर कोणी आणली ते कळायचंय. उद्या संध्याकाळपर्यंत धीर धरा, मग मीच येते तुमच्याबरोबर चौकीत."

काकू गाडीतूनच ऐकत होत्या. पहिल्यांदा त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला आवडली नाही.

३

भाऊ ज्या गॅरेजात कामाला होता ते त्याच उताराच्या पायथ्याशी आहे. त्याचा मालक गाड्यांपेक्षा गिऱ्हाईकं जास्त बिघडवतो, पण ते असो. गॅरेजच्या दारातून टाकीची भिंत समोर दिसते. धडकेची खूण तिच्यावर अजून होती. हा पोरगा रोज तिच्यासमोर बसून काम करायचा आणि बहिणीने घराबाहेर काढल्यापासून रात्री माळ्यावर झोपायचा.

तिशीचा असेल. काटकुळा, दाढी वाढलेली. हात मात्र लख्ख, प्रत्येक कामानंतर धुणाऱ्याचे.

"या मावशी," तो म्हणाला. "ताईने पाठवलं ना?"

"मी कोणाच्या पाठवण्याने जात नाही. पॅच तू मारलास?"

"हो."

"का?"

"पडदा फाटला होता. इतक्या जुन्या गाडीचा बूस्टर मिळेना. गाडी रस्त्याकडेला उघड्यावर होती, ती शेडमध्ये आणण्यापुरता मारला."

"आणण्यापुरता. आणि मग?"

त्याने समोरच्या भिंतीकडे पाहिलं नाही, पण न पाहण्यासाठी त्याला मान वळवावी लागली. "मग बाबांना चालवायला दिली," तो म्हणाला.

"तूच दिलीस?"

"मीच."

"आणि बॅटरीचा नट पक्कडीने कोणी आवळला?"

त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. माणूस खोटं बोलताना मी पुष्कळदा पाहिलाय. गाडी आपटून आणणारे सगळेच म्हणतात, झाडच आडवं आलं. पण खोटं बोलताना पकडला गेल्यावर इतका घाबरलेला मी पाहिला नव्हता.

"मीच आवळला असेल," तो म्हणाला. "घाईत."

त्याच्या मागे दुरुस्तीला आलेल्या गाडीची बॅटरी होती. तिच्या दोन्ही टोकांचे नट स्वच्छ, वर ग्रीसचा पातळ हात फिरवलेला.

"तू आणि पक्कड?" मी म्हटलं. "मला शेंडी लावू नकोस. हे केस उन्हाने पांढरे नाही झालेले."

"मावशी, ताईला सांगा मी केलं. तिला तेच ऐकायचंय." त्याने रॉकेलच्या डब्यात हात बुडवले, जे आधीच स्वच्छ होते. "मला चालेल."

दोषी माणूस सबबी सांगतो. निर्दोष माणूस आरडाओरडा करतो. हा आपणहून पायावर धोंडा पाडून घेत होता आणि वर म्हणत होता, चालेल. तो कोणाला तरी पाठीशी घालत होता.

४

जुन्या गाड्यांचे भाग विकणारा आमचा एकच दुकानदार आहे. आम्ही त्याला 'मिळेल' म्हणतो, कारण काहीही मागा, तो मिळेल म्हणतो. कधी, ते विचारायचं नसतं.

मी बूस्टरचं नाव काढायचा अवकाश, त्याने फळीवरून एक खोका खाली ओढला. "आलाय की! तुम्ही नेता? त्या बिचाऱ्याने मागवला, मी चार गावं धुंडाळली, आणि आता न्यायला कोणी येत नाही. रोज उघडताना नजर जाते. नको वाटतं."

"कोणी मागवला होता? मुलाने?"

"आधी मुलाने. मग दुसऱ्या दिवशी म्हातारबाबा स्वतः आले. चालत. म्हणाले, आला की घरी फोन करू नकोस, मी येऊन विचारत जाईन. मी म्हटलं, का बरं? तर म्हणाले, मुलीने बजावलंय. गाडीत आता एक जरी खोट निघाली तर किल्ली तिच्या ताब्यात."

"मुलीला माहीतच नव्हतं ब्रेकचं?"

"छे. बापलेकांनी गुपचूप करायचं ठरवलेलं. म्हातारबाबा म्हणाले, आधी सायकल काढून घेतली, मग जिन्यावरून एकट्याने जायचं नाही झालं. आता ही गाडी गेली की मी घरातलं एक कपाट. धूळ पुसायची आणि बाजूला सरकवायचं." मिळेलचा आवाज खाली आला. "हसत होते हो बोलताना."

"गाडी बंद ठेवली होती ना तोवर?"

"बंद म्हणजे? मुलाने बॅटरीची वायर सोडवून ठेवली होती. बाबांना भरवसा नाही म्हणून घरातला, त्या नटाला लागणारा दहा नंबरचा पानासुद्धा खिशात घालून घेऊन गेला. तेही म्हातारबाबांनीच सांगितलं, 'पोरगं माझ्यावर पहारा ठेवतंय' म्हणून. बरं वाटत होतं त्यांना, दिसत होतं ते."

मी खोका घेतला. तर मुलाने गाडी चालवायला दिली नव्हती. मुलाने ती बांधून ठेवली होती. पाना घरात नव्हता. म्हणून पक्कड.

आणि म्हाताऱ्याला घरात पक्कड कुठे सापडली? त्या मुलाने दहाचा पाना आठवणीने नेला. पक्कड पुढ्यात दिसली असती तर ती ठेवली असती का? ती अशा जागी असणार जिथे कोणी पुरुष हात घालत नाही.

५

मी घरी गेले तेव्हा लेक बाहेर गेली होती. काकू खिडकीशी शिवणाच्या मशीनवर होत्या, पण शिवत नव्हत्या. खिडकीतून सगळा उतार दिसत होता, खालच्या टाकीपर्यंत. खोली झाडलेली, स्वच्छ, आणि फार शांत. खुंटीवर एक सदरा होता. त्याच्या आसपासच्या खुंट्या रिकाम्या ठेवलेल्या.

"बटण लोंबतंय तुमचं," काकू म्हणाल्या. "द्या इकडे."

मी बाही पुढे केली. त्यांनी मशीनचा ड्रॉवर ओढला, दोरा घ्यायला. आत रिळं, खडू, कात्री, आणि एक छोटी पक्कड. सुई तुटून कापडात अडकली की ओढून काढायची, बारीक दातांची.

मी ती उचलली आणि उजेडाला धरली. दातांत राखाडी कण अडकले होते, वर पांढरट पूड. बॅटरीच्या शिशाच्या टोकावर साचते ती. सुईला शिसं लागत नाही.

"तिला हात लावू नका," काकू म्हणाल्या. आवाज एकदम पातळ झाला होता. "ते ठेवून गेलेत ती."

"कोण?"

"हे."

"कधी ठेवून गेले, काकू?"

"गेल्यावर," काकू म्हणाल्या.

खाली रस्त्यावर एक गाडी उतार उतरत होती. तिने वळणावर ब्रेक मारला आणि काकू तो आवाज संपेपर्यंत थांबल्या.

"त्या दिवशी पक्कड खिशात घालून बाहेर पडले," त्या म्हणाल्या. "मी या खिडकीतून बघितलं. खिशातून दांडे वर आलेले. मग ते सगळं झालं. सगळं आटोपून मी घरात आले, दोरा काढायला ड्रॉवर उघडला, तर ही जागेवर. घेतलेली वस्तू जागेवर ठेवायची, असं मी त्यांना आयुष्यभर ओरडत आले. कधी ठेवली नाही. मेल्यावर आले ठेवायला."

"त्यांना ही ड्रॉवरमधून कोणी काढून दिली?"

काकूंनी सुई माझ्या बटणातून आरपार घातली. दोऱ्याला गाठ मारली, दाताने तोडला. मग म्हणाल्या, "मुलगा सोसतो. मुलगी नाही सोसायची. आणि मला आता तिच्याकडेच राहायचंय."

इतक्या गोड चेहऱ्याची आई इतकं कठोर बोलली आणि स्वतःच त्या बोलण्याला घाबरली. मला तिचा राग आला. दयाही आली, पण आधी राग आला, हे सांगितलं पाहिजे.

तरी एक कोडं राहिलंच होतं. पक्कड म्हाताऱ्याबरोबर गाडीत होती. ड्रॉवरपर्यंत ती चालत तर आली नाही.

६

दुसऱ्या दिवशी मी मुलाला बोलावलं. नवा बूस्टर मी बसवायला घेतला होता, त्याने न सांगता बाही वर केली आणि पुढची नळी जोडली. दोघांनी काम मुकाट्याने पुरं केलं. इंजिन बंद ठेवून मी पेडल कडक केलं, पाय रेटून किल्ली फिरवली. पेडल पायाखाली मऊपणे उतरलं. आवाज काही नाही.

मग मी त्याला मला काय कळलंय ते सांगितलं. बॅटरी, पाना, पक्कड, आईचा ड्रॉवर. त्याने मध्ये एकदाही नाही म्हटलं नाही.

"ताईला सांगू नका," तो म्हणाला. "पाया पडतो."

"का? तुला तुरुंगात जायची हौस आहे?"

"ती रागावर उभी आहे, मावशी. राग काढून घेतलात तर पडेल. आणि आईला म्हातारपणी कोण बघणार? मी माळ्यावर राहतो. मला आहेच काय गमवायला?"

"डोकं," मी म्हटलं. "ते आधीच गमावलंयस."

बाहेर मायलेकी येऊन उभ्या राहिल्या. भावाला बघून बहिणीने पाठ फिरवली, पण गेली नाही.

लपवून मला जमलं असतं का? जमलं असतं कदाचित. पण बूस्टरमधली चीर वरून पॅच लावून मिटत नाही हे मी नुकतंच हातात धरून पाहिलं होतं. म्हटलं, "बसा सगळे. एकदाच सांगणार आहे, मध्ये बोलू नका.

"ब्रेक कडक झालाय हे बाबांना बऱ्याच दिवसांपासून माहीत होतं. दोन्ही पायांनी दाबत होते, रबर बघा. मुलाने पॅड बदलताना ते ओळखलं. बूस्टर उघडला, चीर सापडली. नवा मागवला. गाडी आत आणण्यापुरता पॅच मारला, बॅटरी सोडली आणि पाना घेऊन गेला. याहून जास्त मी पण केलं नसतं. त्या दिवशी पाना नाही म्हणून बाबांनी पक्कडीने वायर जोडली. निघताना पॅच टिकून होता. पहिले एकदोन ब्रेक मऊ लागले असतील, खूश झाले असतील, पोराने केलं नीट म्हणून. उताराला जोर लागला आणि पॅच सुटला. पेडल पुन्हा दगड. दुसरा पाय टेकेपर्यंत भिंत आली."

"पण का?" लेक म्हणाली. "माहीत होतं तर निघालेच कशाला? मी रिक्षाने आले असते की."

मुलगा जमिनीकडे बघत होता. मी तोंड उघडणार, तोच काकू बोलल्या.

"तू फोनवर म्हणालीस, गाडी धड असेल तर घ्यायला या, नाहीतर किल्ली तयार ठेवा."

"मी थट्टेत म्हटलं, आई."

"ते थट्टेत ऐकत नव्हते. फोन ठेवला आणि पाना शोधत सुटले. सापडेना. चिडले, मग गप्प बसले. मला ते गप्प बसलेले बघवेनात. पक्कड मी काढून दिली." काकूंनी पदर तोंडाशी नेला आणि परत खाली घेतला. "पोराने बजावून ठेवलं होतं, आई, त्यांना देऊ नकोस काही. तरी दिली. आणि तू याला बोल लावत होतीस तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून बसले."

लेकीने आईकडे पाहिलं, मग भावाकडे. तिचा चेहरा इतका उघडा पडला होता की मीच नजर दुसरीकडे वळवली.

"एक राहिलं," मी म्हटलं. "ती पक्कड घरी परत कोणी नेली?"

"हे आले होते," काकू म्हणाल्या. "सांगितलं ना तुम्हाला."

"आई," मुलगा म्हणाला. "धडकेचा आवाज ऐकून आधी मीच धावलो. पक्कड बाबांच्या शेजारी सीटवर होती. बघितल्याबरोबर कळलं कुणाची. माणसं जमायच्या आत खिशात घातली. घरी आलो तेव्हा ड्रॉवरमध्ये ठेवली."

काकू त्याच्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे तुला पहिल्यापासून ठाऊक होतं, मी दिली ते."

"हो."

"आणि मी गप्प बसलेलीही बघत होतास."

बहीण उठली, त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. मला वाटलं, ही आता त्याला मारते की काय. "मी पोलिसात नेलं असतं तुला," ती म्हणाली. "तिथे तरी बोलला असतास?"

त्याने खरंच विचार केला. "माहीत नाही, ताई," तो म्हणाला.

ती मटकन जमिनीवर बसली, तेलाचे डाग, नटबोल्ट काही न बघता, आणि रडली. वडील गेल्यापासून पहिल्यांदाच रडत असावी. सवय नसलेल्या माणसासारखी रडत होती. भाऊ शेजारी उकिडवा बसला, पण त्याने हात लावला नाही. हात लावायचा हक्क आपल्याला अजून मिळालाय की नाही, हे त्याला समजत नव्हतं.

काकू गाडीजवळ गेल्या. दार उघडून ड्रायव्हरच्या सीटवर टेकल्या, किल्ली फिरवली आणि ब्रेक दाबला. पुन्हा दाबला. नुसतं इंजिन चालत राहिलं.

"ते येतात असं वाटत होतं तोवर बरं होतं," त्या मला म्हणाल्या. "रागावून का होईना, पक्कड ठेवायला का होईना. आता कोणी यायचं नाही."

आधीच पुसलेली काच मी पुन्हा पुसायला घेतली.

मुलगा उठून खिडकीशी आला. त्याने हात वाढवून किल्ली बंद केली. मग दारात उभ्या परक्या माणसाने विचारावं तसं विचारलं, "मी येऊ का?"

काकूंनी जमिनीवर बसलेल्या लेकीकडे पाहिलं. लेकीने डोळे पुसले, उठली, गाडीचं मागचं दार उघडून आत बसली, आणि म्हणाली, "आई, तू सरक पलीकडे. चालवणार कोण मग?"